मामांच्या टीव्हीला चालेल अशी डीव्हीडी

माझ्या मामेबहिणीचं लग्न मे महिन्यात झालं, मामांच्या द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून. शूटिंगवाल्याने पंधरा दिवसांनी एक पेनड्राइव्ह आणून दिला आणि म्हणाला, सगळं यात आहे. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला, मामींच्या कपाटात ठेवला आणि मला फोन लावला. "अगं, याची सीडी मारून आण. मला टीव्हीवर बघायचंय."

मामांच्या लेखी गोल आणि चकचकीत जे काही असतं ती सीडी. दिंडोरीजवळच्या त्यांच्या घरात टीव्ही एलईडी आहे, पण मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हापासून त्याचं यूएसबी पोर्ट बंद. शेजारी जुना डीव्हीडी प्लेअर, त्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना टीव्हीच्या मागे खोचलेल्या, आणि रिमोटला धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी.

मी नाशिकला सिडकोत राहते. घरच्या जुन्या डेस्कटॉपला अजून डीव्हीडी रायटर आहे, एवढंच माझं भांडवल. तासाभराचं काम, असं समजून मी हो म्हटलं. त्यात तीन रविवार गेले. कोणाचा तरी चौथा रविवार वाचावा म्हणून जे कळलं ते इथे सांगते.

एक आधीच सांगते. तुमच्या टीव्हीचं यूएसबी पोर्ट चालू असेल तर डिस्कच्या नादी लागूच नका. एमपी४ फाइल पेनड्राइव्हवर टाका, टीव्हीला लावा, चित्रही जास्त सुबक दिसेल. अडलंच तर दोन ठिकाणी अडतं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आणि फाइल एच.२६५ प्रकारची (व्हिडिओ दाबून लहान करण्याची ही नवी पद्धत) असेल तर जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. पुढचं सगळं ज्यांना डिस्कच हवी आहे त्यांच्यासाठी.

पहिला रविवार: फाइल ठेवली, डीव्हीडी झाली नाही

एमजी रोडवर तीन दुकानं फिरल्यावर कोऱ्या डीव्हीडी मिळाल्या. एका दुकानदाराने तर "ताई, अजून कोण वापरतं?" म्हणून माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन डिस्क घातली. विंडोजने विचारलं, ही कशी वापरणार, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी की सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत? मी अर्थातच प्लेअरवर टिचकी मारली, फाइल ओढून टाकली, बर्न केलं. मामांच्या प्लेअरने ती डिस्क दोनदा घुर्रघुर्र फिरवली आणि पडद्यावर लिहिलं, 'नो डिस्क'.

मामा म्हणाले, "प्लेअर खराब झाला वाटतं." प्लेअर ठणठणीत होता. विंडोजच्या त्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं डेटा डिस्कच बनवतात. 'प्लेअरसोबत' याचा अर्थ एवढाच, की ही डिस्क इतर यंत्रांना निदान वाचता येईल अशा पद्धतीने लिहू. आतल्या एमपी४ फाइलीला कोणी हात लावत नाही. संगणकाला ती डिस्क म्हणजे एक कपाट आहे, कपाटात काहीही ठेवा, तो उघडून बघतो. घरगुती डीव्हीडी प्लेअर तसा नाही.

मामांना हे समजावताना मला त्यांचीच द्राक्षं आठवली. बागेतून क्रेट भरून आणलं म्हणजे माल एक्स्पोर्टचा होत नाही. मण्याचा आकार, घडाचं वजन, साखर, ठरलेला पनेट (छोटा प्लास्टिकचा डबा), ठरलेला बॉक्स, त्यावरचं लेबल, हे सगळं जुळलं तरच पॅकहाऊसवाला माल उचलतो. द्राक्षं गोड आहेत, हे त्याला सांगून उपयोग नसतो. मामा लगेच म्हणाले, "म्हणजे याचं ग्रेडिंग-पॅकिंग राहिलं." बरोबर तेवढंच राहिलं होतं.

प्लेअरला नेमकं काय हवं असतं

डीव्हीडी बाजारात आली १९९६ च्या नोव्हेंबरात, जपानमध्ये. त्या वेळी ठरलेले नियम आजही जसेच्या तसे आहेत आणि प्लेअरच्या चिपमध्ये तेवढेच भरलेले आहेत. चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं हवं. आपले फोन आणि कॅमेरे ज्या एच.२६४ पद्धतीत शूट करतात ती २००३ साली आली, एच.२६५ त्याच्याही दहा वर्षांनी. बिचाऱ्या प्लेअरच्या कानावर ही नावं कधी पडलेलीच नाहीत. (काही प्लेअरच्या तोंडावर डिव्हएक्सचं चिन्ह असतं. ते जुन्या एव्हीआय फाइली थेट चालवतात. तुमच्याकडे तसा असेल तर नशीबवान आहात, पण एमपी४ बद्दल त्याच्याकडूनही खात्री धरू नका.)

चित्राचा आकारही ठरलेला. भारतात पाल पद्धत, म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-जपानकडची एनटीएससी, ती ७२० बाय ४८० आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आवाज एसी-३, एमपी२ किंवा न दाबलेला पीसीएम, आणि नमुन्यांचा वेग ४८ किलोहर्ट्झ. फोनमधला आवाज एएसी असतो, तो इथे चालत नाही.

मग हे सगळं ठरलेल्या फोल्डरात, ठरलेल्या नावांनी मांडायचं. डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर लागतो. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबीमध्ये खरा माल, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र विणलेले. एक व्हीओबी १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून मोठं लग्न चार-पाच तुकड्यांत दिसतं. आयएफओ म्हणजे वहिवाटीचा नकाशा: मेनू कुठे, कुठलं बटण दाबलं की कुठे जायचं, प्रकरणं कुठून सुरू होतात. बीयूपी म्हणजे त्या नकाशाची झेरॉक्स, मूळ पानावर ओरखडा पडला तर उपयोगी पडावी म्हणून. ही मांडणी करण्याच्या कामाला शूटिंगवाले ऑथरिंग म्हणतात. माझ्या पहिल्या डिस्कवर यातलं काहीच नव्हतं, म्हणून प्लेअरच्या दृष्टीने डिस्कच नव्हती.

म्हणजे कामं तीन: फाइल एमपेग-२ मध्ये बदलणं, ऑथरिंग, आणि शेवटी डिस्कवर लिहिणं. पूर्वी विंडोज विस्टा आणि विंडोज ७ मध्ये 'डीव्हीडी मेकर' नावाचा प्रोग्राम घरचाच मिळायचा, तो ८ पासून काढून टाकला. आता मी डीव्हीडीस्टायलर वापरते. फुकट आहे, तिन्ही कामं एकाच खिडकीत करतं, दिसायला मात्र सरकारी फॉर्मसारखं. ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची सवय आहे त्यांनी एफएफएमपेग घ्यावं. त्यात 'टार्गेट पाल-डीव्हीडी' एवढं सांगितलं की आकार, वेग, आवाज सगळं ते स्वतःच नियमात बसवतं. ऑथरिंग मात्र वेगळं करावं लागतं. हँडब्रेकचं नाव बरेच जण सुचवतात. ते उलट्या दिशेचं हत्यार आहे, डीव्हीडीवरून एमपी४ करणारं. त्याने डीव्हीडी बनत नाही.

साडेसोळा जीबीचं लग्न

दुसऱ्या रविवारी खरी कसरत झाली, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पेनड्राइव्हवरची मुख्य फाइल एक तास पन्नास मिनिटांची, फुल एचडी, साडेसोळा जीबीची. कोऱ्या डिस्कवर छापलेलं ४.७ जीबी. संगणकाला विचारलं तर तो म्हणतो ४.३७. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून तीच जागा दोन आकड्यांत दिसते.

आता हिशेब बघा. ४.७ जीबी म्हणजे ३७.६ अब्ज बिट. एक तास पन्नास मिनिटं म्हणजे ६,६०० सेकंद. भागाकार केला की दर सेकंदाला साधारण ५७ लाख बिट वाट्याला येतात, म्हणजे ५.७ मेगाबिट. मेनू आणि इतर मांडणीसाठी शेकडा पाच बाजूला काढा, उरतात ५.४. त्यातले सव्वादोन लाख बिट आवाजाला दिले की चित्राला ५.२ मेगाबिट. यालाच बिटरेट म्हणतात. मूळ फाइलमध्ये दर सेकंदाला २० मेगाबिट खर्च झाले होते.

म्हणजे चित्राची चिंधी होणार का? तितकी नाही, कारण पिक्सेलही कमी होतात. फुल एचडी चित्रात २०,७३,६०० पिक्सेल, पाल डीव्हीडीच्या चित्रात ४,१४,७२०. बरोबर पाचपट फरक. तपशील तर जाणारच. पैठणीच्या पदरावरचे मोर दिसतील, त्यांचे डोळे दिसणार नाहीत. मामांच्या सोफ्यापासून टीव्ही बारा फुटांवर आहे, तिथून मोर दिसले तरी पुष्कळ.

अंगठ्याचा नियम असा: एका डिस्कवर दोन तासांपर्यंतचं चित्र छान राहतं. तासाभराचंच असेल तर भागाकार दहाच्या वर जातो, पण नियमाने चित्राला ९.८ मेगाबिटच्या पुढे जाता येत नाही, आणि घरी लिहिलेल्या डिस्कवर मी आठच्या पुढे जातच नाही. जुने प्लेअर धापा टाकतात. तीन तास कोंबले तर साडेतीनच्या आत येतं आणि मग चित्राला चौकटी पडायला लागतात.

या चौकटी कुठे पडतात ते पाहण्यासारखं असतं. एमपेग-२ दर सेकंदाची पंचवीसही चित्रं पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण घेतं, मग पुढच्या दहा-बारा चित्रांत आधीपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतं, मग परत एक पूर्ण चित्र. गुरुजी पाटावर बसून मंत्र म्हणताहेत, मांडव जागच्या जागी आहे, फक्त ओठ हलताहेत: फारसे बिट लागत नाहीत. आणि मग येतं 'शुभमंगल सावधान'. चारशे माणसं एकदम अक्षता टाकतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने उडतो, शिवाय चमकतो, शिवाय अर्धे लोक नीट दिसावं म्हणून उठून उभे राहतात. 'मागच्यासारखंच आहे' असं म्हणायला त्या क्षणी चित्रात काहीच उरत नाही. बिट संपतात आणि बरोबर अंतरपाट दूर होताना नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोनी ठोकळे उमटतात. माझ्या दुसऱ्या डिस्कमध्ये नेमकं हेच झालं होतं. आख्ख्या लग्नात जे बघायचं असतं तेच धुरकट.

यावर उपाय आहे. बिटरेट स्थिर न ठेवता बदलता ठेवायचा आणि टू-पास पर्याय निवडायचा. मग सॉफ्टवेअर पहिल्या फेरीत सगळी फाइल नुसती बघून घेतं, कुठे गर्दी आहे, कुठे शांत आहे ते टिपतं, आणि दुसऱ्या फेरीत गुरुजींचे वाचलेले बिट अक्षतांना देतं. वेळ दुप्पट लागतो. माझ्या संगणकाने पावणेदोन तास घेतले, तोवर मी कॉलेज रोडला जाऊन मिसळ खाऊन आले.

लांबट नवरी आणि आडवा झोपलेला करवला

७२० बाय ५७६ हा आकार बघा. तो ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. हे मला बराच वेळ कळेना. गंमत अशी की रुंद टीव्हीसाठीचं चित्रही डिस्कवर याच चौकटीत आडवं चेपून बसवतात आणि सोबत एक खूण ठेवतात, की दाखवताना ताणून १६:९ कर. ती खूण प्लेअर वाचतो. पण प्लेअरच्या सेटिंगमध्येही 'टीव्ही टाइप' असतो: ४:३ लेटरबॉक्स, ४:३ पॅन-स्कॅन, १६:९. जुन्या डब्बा टीव्हीला प्लेअर लावून सेटिंग १६:९ ठेवलं तर सगळं वऱ्हाड उंच आणि काटकुळं दिसतं. याउलट ४:३ ची डिस्क रुंद टीव्हीने ताणली की सगळे बुटके आणि गुबगुबीत. चित्र असं दिसलं की डिस्क नव्याने मारायच्या आधी प्लेअर आणि टीव्ही, दोघांची सेटिंग एकदा बघा. निम्म्या वेळा तिथेच उत्तर असतं.

शूटिंगवाल्याच्या फाइलीशिवाय मामींना हळदीचे व्हिडिओही हवे होते, ते भावाने फोनवर काढलेले. फोन उभा धरून. उभं चित्र आडव्या पडद्यावर बसवलं की मध्ये रुंदीच्या जेमतेम एक तृतीयांश पट्टी उरते, दोन्ही बाजूंना काळं. त्याला इलाज नाही. ताणून किंवा कापून बसवायला गेलात तर डोकी तरी जातील नाहीतर पाय. वर फोन आणखी एक खोडी करतो. चित्र तो आडवंच साठवतो आणि 'हे फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी जोडतो. जुनी सॉफ्टवेअरं ती चिठ्ठी वाचत नाहीत. आमचा करवला पहिल्या फेरीत भिंतीवर पाय टेकून आडवा नाचत होता.

फोनचं दुसरं दुखणं म्हणजे चित्रांचा वेग. शूटिंगवाला २५ वर शूट करतो, फोन ३० वर, तोही पक्का ३० नाही, उजेड कमी झाला की २४ वर उतरतो, परत चढतो. असली फाइल सरळ बदलली तर सुरुवातीला आवाज आणि ओठ जुळतात आणि दहाव्या मिनिटाला गाणं पुढे, नाच मागे. म्हणून फोनच्या फाइली आधी एकदा पक्क्या वेगात, म्हणजे स्थिर २५ मध्ये बदलून घ्याव्या आणि मग डीव्हीडीत टाकाव्या. सगळंच सामान फोनवरचं असेल तर मात्र मी एनटीएससी डिस्क करेन. भारतात विकलेले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, आणि तिसातली पाच चित्रं टाकून द्यावी लागत नाहीत, त्यामुळे नाच धक्के खात नाही. रिजन कोडची, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणाऱ्या आकड्याची, काळजी नको. भारताचा पाच वगैरे ते विकतच्या सिनेमांसाठी. घरी बनवलेल्या डिस्कला कुठलंच बंधन नसतं, लेक दुबईला गेली तरी तिथे चालेल.

मेनूबद्दल थोडक्यात. सजावट कमी करा. मामांना रिमोटवरची दोनच बटणं येतात, प्ले आणि पुढचं. म्हणून डिस्क घातली की थेट सुरू व्हावी असं ठेवलं आणि आत प्रकरणं पाडली: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, पाठवणी. पुढचं बटण दाबलं की पुढचा विधी. नावं लिहिताना पडद्याच्या कडेला चिकटवू नका, जुने टीव्ही चारही बाजूंनी चित्राची किनार खातात. एका ओळखीच्यांच्या डिस्कवर 'चि. सौ. कां.' मधलं 'चि.' कायमचं पडद्याबाहेर गेलेलं मी पाहिलंय.

डिस्क मारताना

तिसऱ्या रविवारी फाइल, मेनू सगळं तयार. लिहायला लावलं आणि शेकडा सत्तरवर असताना लाइट गेली.

कोऱ्या डिस्कच्या आत रंगाचा एक थर असतो. रायटरचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर त्या थरावर तापवून खुणा करत जातो, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे, एका सलग चक्राकार रेषेत. दोन वळणांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. ही रेषा उलगडून सरळ केली तर साधारण पावणेबारा किलोमीटर भरेल, म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून नाशिकरोड स्टेशनला जाऊनही उरेल. तापलेला रंग परत पहिल्यासारखा होत नाही. त्यामुळे एकदाच लिहिता येणारी आर डिस्क मध्येच अडकली की ती गेली. माझी आता चहाच्या कपाखाली आहे. आरडब्ल्यू डिस्कचा थर वेगळ्या पदार्थाचा, तो पुसून सुमारे हजार वेळा लिहिता येतो, म्हणून चाचणीला उत्तम. पण तिच्यावरून उजेड कमी परततो आणि काही जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत.

दुकानात वजा आर आणि अधिक आर असे दोन प्रकार दिसतील. दोन वेगवेगळ्या गटांच्या भांडणातून ते आले, आजच्या रायटरला दोन्ही चालतात. जुन्या प्लेअरसाठी मी वजा आर घेते, तिची सोयरीक जास्त जुनी. डिस्कवर १६एक्स लिहिलं असलं तरी मी ८एक्सवर मारते. १एक्स म्हणजे सेकंदाला १.३८५ एमबी, त्या वेगाने भरलेल्या डिस्कला ५७ मिनिटं लागतील. ८एक्सवर आठ-दहा मिनिटांत होतं. तेवढ्यासाठी १६ ची घाई कशाला? लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' होऊ द्या, आणि डिस्क 'फायनलाइज' झाली आहे, म्हणजे लिहिणं कायमचं बंद होऊन ती इतर प्लेअरना वाचता येईल अशी झाली आहे ना, ते बघा. ते राहिलं तर तुमच्या संगणकावर डिस्क झकास चालते आणि दुसरीकडे कुठेच नाही, आणि माणूस प्लेअरला शिव्या देत बसतो.

एक सवय फार उपयोगी पडली. डिस्क मारण्याआधी तो व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्डडिस्कवरच तयार करायचा आणि व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये उघडून बघायचा. आडवा करवला, पळणारा आवाज, चुकलेलं प्रकरण तिथेच सापडतं. डिस्क वाया जात नाही, आणि दिंडोरीच्या फेऱ्याही.

वर चिकटवायच्या कागदी लेबलचा मोह टाळा. कागद नेमका मध्यावर बसत नाही, डिस्क फिरताना डगमगते, आणि उन्हाळ्यात कडा सुटून प्लेअरच्या आत अडकते. सीडी-डीव्हीडीसाठीचं साधं मार्कर पेन घ्या आणि वरच्या बाजूला नाव-तारीख लिहा. मी तीन प्रती केल्या: एक मामांकडे, एक मामेबहिणीसोबत सासरी, एक माझ्या कपाटात. मूळ पेनड्राइव्हवरची फाइल शिवाय बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवली. डिस्क ही बघायची प्रत, जपायची नव्हे. एचडीतून जे गेलं ते डीव्हीडीवरून परत मिळत नाही. शिवाय कोऱ्या डिस्क मिळणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार. लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

चौथ्या फेरीला मामांच्या प्लेअरने डिस्क घातल्या घातल्या उचलली. मामी दोनदा अक्षतांपाशी थांबल्या. मग मामा उठले, कपाटातून एक पाकीट आणलं. थोरलीचं लग्न, २००४ सालचं, तीन व्हीसीडींवर, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडींवर. "हेही त्या एकाच सीडीत घालून दे."

हे काम मात्र सोपं निघालं. व्हीसीडीतलं चित्र एमपेग-१ असतं, ३५२ बाय २८८, आणि डीव्हीडीच्या नियमांत एमपेग-२ आणि ७२० बाय ५७६ सोबत हेही बसतं. डिस्कवरच्या 'एमपेगएव्ही' फोल्डरातली डॅट फाइल घ्यायची, चित्राला हातही लावायचा नाही; ते परत दाबलं तर आणखी बिघडेल. फक्त आवाज बदलायचा, कारण व्हीसीडीत तो ४४.१ किलोहर्ट्झचा असतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. व्हीसीडीचा बिटरेट इतका लहान, की एका डीव्हीडीवर असं सात तासांचं चित्र मावतं. एका व्हीसीडीवर ७४ मिनिटं, म्हणून तेव्हाची लग्नं तीन-तीन डिस्कवर यायची.

पहिल्या दोन डिस्क सरळ वाचल्या गेल्या. तिसरी मी खिडकीपाशी उजेडात धरली तर तिच्यातून बाहेरची बाग दिसत होती, चाळणीतून दिसावी तशी. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो. सीडीत तो वरच्या लेबलच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आड. कोणीतरी लेबल खरवडलं होतं आणि चंदेरी थर त्याच्यासोबत निघून आला होता. त्या डिस्कवर पाठवणी होती.

मामींनी डिस्क हातात घेऊन पाहिली आणि परत पाकिटात घातली. "राहू दे," म्हणाल्या, "त्या कॅमेरावाल्याने नाहीतरी सगळी पाठवणीभर मलाच रडताना धरलं होतं."